करटोलीचा ‘वांझ’ वेल
परसातील लागवडीत नर व मादी वेलींची योजना

मृगाचा पाऊस पडून जमीन भिजली की थोड्याच दिवसांत बांधावरच्या कुंपणांतून व करवंदीच्या जाळ्यांतून एक नाजूक वेल वर डोके काढतो. आषाढ-श्रावणात त्यास अंगभर मऊ काटे असलेली, सुपारीहून मोठी व कोंबडीच्या अंड्याहून लहान अशी हिरवी फळे लागतात. हीच करटोली. कोठे तिला कंटोली म्हणतात, विदर्भात काटवल म्हणतात, तर गोव्यात ती फागलां या नावाने ओळखली जाते. बाजारात येणारा माल आजही बहुतांशी रानातून गोळा केलेला असतो. डोंगरकडेच्या गावांतील स्त्रिया पहाटे निघून टोपली-दोन टोपल्या फळे वेचून आणतात, आणि मोसमाच्या प्रारंभी या भाजीस बहुतेक वेलभाज्यांपेक्षा चढा भाव मिळतो. साहजिकच हा वेल आपल्या परसात अथवा विहिरीच्या कडेला असावा, असे अनेक शेतकऱ्यांना वाटू लागले आहे.

ही इच्छा योग्यच आहे. वेल काटक आहे, एकदा लावल्यावर त्याचा कंद जमिनीत राहून वर्षानुवर्षे फुटतो, आणि त्यास फार मोठ्या खर्चाचीही गरज नाही. परंतु ज्यांनी लागवड केली त्यांच्यापैकी पुष्कळांची एकच तक्रार कानी येते : वेल मांडवभर पसरले, फुलांनी भरून गेले, पण फळ धरले नाही. या तक्रारीचे कारण खतात किंवा जमिनीत क्वचितच असते. ते बहुधा एका शब्दात असते, आणि तो शब्द म्हणजे ‘वांझ’.

ज्या करटोलीस फुले येतात पण फळे येत नाहीत, तिला खेड्यापाड्यांतून ‘वांझ करटोली’ म्हणतात. आपल्या वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांतही ‘वन्ध्या कर्कोटकी’ हे नाव आढळते, व तिचा कंद औषधासाठी वेगळा खणून आणण्याची चाल आहे. तिच्या औषधी गुणांचा विचार हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. मात्र हे नाव शेतकऱ्यास चुकीच्या वाटेने नेते, एवढे सांगणे अवश्य आहे. तो वेल वांझ नसतो. तो नर असतो. त्याच्या फुलातील पराग मिळाल्याखेरीज मादी वेलावर एकही फळ वाढीस लागत नाही.

ही गोष्ट मी पुस्तकात वाचलेली होती. तरीही ती मला खऱ्या अर्थाने उमगली ती माझ्याच हातून झालेल्या चुकीमुळे. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका गावी एका वयस्क शेतकऱ्याने करटोली लावण्याविषयी माझा सल्ला विचारला. त्यांच्या स्वतःच्या बांधावर वेल पुष्कळ होते. ‘ज्या वेलांना फळे दिसतात तेवढ्यांना खुणा करा, हिवाळ्यात त्यांचेच कंद काढून परसात लावा,’ असे मी सांगितले. सल्ला अर्धाच होता. पण त्यांनी तो पूर्णपणे पाळला. बत्तीस कंद आणून लावले, बांबूंचा मांडव घातला, शेणखत दिले. उरलेले वेल कामाचे नाहीत असे समजून, बांध साफ करताना तेही खणून टाकले. पुढल्या श्रावणात मी गेलो तेव्हा मांडव गच्च भरलेला होता. प्रत्येक पेरावर काटेरी बोंडासारखी बारीक फळे दिसत होती. त्यांस हात लावला की ती पिवळी पडून हातात येत. मांडवाखाली त्यांचा सडाच पडला होता.

‘साहेब, तुमच्या सांगण्याप्रमाणं सगळं केलं. आता हे काय झालं?’ एवढेच ते म्हणाले. त्यांनी तोवर दोनदा युरिया टाकला होता आणि एकदा औषधही फवारले होते. दोन्ही खर्च व्यर्थ होते. साऱ्या परसात एकही नर वेल नव्हता, आणि बांधावरचे नर त्यांनी खणून टाकले होते, तेही माझ्यामुळे.

या चुकीचे मूळ समजण्यासाठी वेलवर्गीय भाज्यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. कारले, दोडका, काकडी, भोपळा यांच्या एकाच वेलावर नर फुले व मादी फुले वेगवेगळी येतात. म्हणून कारल्याचा एकटा वेलही फळ धरू शकतो. मधमाशी त्याच वेलावरील एका फुलावरून दुसऱ्या फुलावर पराग नेते. करटोली ही कारल्याचीच जवळची नातलग, परंतु तिची रीत निराळी. तिचे काही वेल केवळ नर फुलांचे व काही केवळ मादी फुलांचे असतात. शास्त्रज्ञांनी तिला ‘मोमोर्डिका डायोइका’ असे नाव दिले आहे. त्यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थच मुळी ‘दोन घरांची’ असा होतो. पपईत नराचे झाड वेगळे असते हे आपणांपैकी बहुतेकांनी पाहिले आहेच. परवलाच्या मळ्यातही नर वेल राखावे लागतात, आणि हिमाचल प्रदेशातील किवीच्या बागांतून मादी वेलींच्या मध्ये ठरावीक अंतरावर नर वेल मुद्दाम लावलेले असतात.

तोंडलीचा अनुभव मात्र येथे फसवितो. तोंडलीचेही नर-मादी वेल वेगळे असतात, पण लागवडीतील तोंडलीस परागावाचूनही फळ धरते. त्यामुळे शेतकरी केवळ मादी वेलाच्या काड्या लावतो व त्याचे काही अडत नाही. तोच हिशेब करटोलीस लावला की वर सांगितलेली गत होते.

नर व मादी ओळखणे

फुलावर येण्यापूर्वी वेलाच्या पानावरून, कोंबावरून अथवा वाढीच्या जोमावरून नर कोणता व मादी कोणती हे खात्रीने सांगता येत नाही. कंदाच्या आकारावरून आपण ओळखतो असे म्हणणारे जाणते लोक गावोगाव भेटतात. त्यांच्याशी वाद घालू नये, पण केवळ त्यावर विसंबून लागवडही करू नये.

फुले आली की मात्र ओळख सोपी आहे, आणि ती शाळकरी मुलासही शिकविता येते. दोन्ही फुले पिवळी व पाच पाकळ्यांची असतात. फूल उलटे करून पाकळ्यांच्या खाली पाहावे. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली मऊ काट्यांचे चिमुकले फळ कळी असल्यापासूनच दिसते. नर फुलाखाली असे फळ नसते. बारीक लांब देठ असतो, आणि देठाच्या टोकाशी, फुलाला लागूनच, टोपडीसारखे एक हिरवे पान असते. कळी लहान असताना या टोपडीत झाकलेली असते. ही टोपडी एकदा डोळ्यांनी पाहिली की चार हातांवरूनही नर वेल ओळखता येतो. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही ओळख तोंडी सांगण्यापेक्षा दोन्ही फुले तोडून शेतकऱ्याच्या तळहातावर ठेवावीत. व्याख्यानाने जे साधत नाही ते त्याने साधते.

ओळख पटली की त्याच दिवशी खूण करावी. कंद काढण्याची वेळ येते तेव्हा वेल वाळून गेलेले असतात, पाने गळालेली असतात, आणि मग स्मरणावर अवलंबून राहावे लागते. मादी वेलाच्या बुडाशी एक खुंटी व नर वेलाच्या बुडाशी दोन खुंट्या रोवाव्यात. रंगीत चिंध्या बांधणारे पुष्कळ आहेत, परंतु पावसाने रंग उडतो व वेल वाळला की चिंधीही गळून पडते. खुंटी अधिक भरवशाची.

लावणीचे साहित्य

बियांपासून रोप करण्याच्या भरीस घरगुती लागवड करणाऱ्याने शक्यतो पडू नये. बियांचे कवच कठीण असते, ताजे बी लवकर रुजत नाही, आणि जी रोपे होतात त्यांत सुमारे निम्मी नर निघतात. कोणते रोप कोणते हे फुले येईपर्यंत कळत नाही. तोवर मांडवाची निम्मी जागा नरांनी व्यापलेली असते.

कंद हेच उत्तम साहित्य होय. मादी वेलाच्या कंदापासून मादी वेल व नराच्या कंदापासून नर वेलच येतो. यात बदल होत नाही. जुन्या वेलाच्या बुडाशी कंदांचा झुपका झालेला असतो, त्यातील काही काढून घेता येतात. मोठा कंद कापून लावावयाचा असल्यास प्रत्येक तुकड्यास मानेकडील डोळा असलाच पाहिजे. डोळ्यावाचूनचा तुकडा कुजून जातो. कापलेल्या भागास राख लावून तो सावलीत सुकू द्यावा. पावसाळ्यात वेलाच्या दोन-तीन पेरांच्या काड्या लावूनही नवे वेल होतात; मात्र सर्वच काड्या मूळ धरत नाहीत, म्हणून हव्या त्यापेक्षा अधिक लावाव्यात.

सुधारित वाणांपैकी रायपूर येथील इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाचा ‘इंदिरा कंकोडा १’ हा वाण माहितीचा आहे. कंद विकत घेताना मात्र वाणाच्या नावाआधी नर व मादी यांची विचारणा करावी, आणि दोन्ही वेगवेगळ्या पिशव्यांत, चिठ्ठी घालून मागावेत. ‘मिश्र कंद’ म्हणून जे विकले जातात त्यांत काय निघेल याचा नेम नसतो.

रानातून कंद आणण्याविषयी थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. फळे वेचल्याने करटोलीची हानी फारशी होत नाही. कंद राहतो व वेल पुन्हा फुटतो. कंद खणून नेला की ती जागा कायमची ओस पडते. ज्या रानावर डोंगरातील कुटुंबांची पावसाळ्यातील चार पैशांची मिळकत अवलंबून आहे, त्या रानातले कंद पोत्याने खणून आणणे हे त्यांच्या ताटातील घास काढून घेण्यासारखेच आहे. शिवाय राखीव वनातून परवानगीविना कंद खणता येत नाहीत. आपल्या बांधावरचे चार वेल असतील तर त्यांच्या झुपक्यांतून थोडे कंद घ्यावेत व बाकीचे मातीने झाकून ठेवावेत. चार कंदांचे दोन-तीन वर्षांत परसापुरते कंद होतात. यास धीर मात्र हवा.

नऊ खड्ड्यांची मांडणी

आठ ते दहा मादी वेलांस एक नर पुरेसा होतो. परसाच्या लागवडीसाठी यावरून एक सोयीची मांडणी बसविता येते. चार मीटर लांब व चार मीटर रुंद असा चौकोन आखावा. त्यात दोन-दोन मीटरवर, तीन ओळींत तीन-तीन असे नऊ खड्डे येतात. मधल्या खड्ड्यात नर लावावा व भोवतीच्या आठ खड्ड्यांत मादी लावाव्यात. अशा रीतीने नर सर्व मादी वेलांच्या जवळ राहतो, आणि तो कोठे आहे हेही विसरता येत नाही. अधिक जागा असल्यास असेच चौकोन एकापुढे एक धरत जावेत.

माझा आग्रह असा की, एखादा नर वेल चौकोनाबाहेर, कुंपणाच्या कडेला, राखीव म्हणून लावलेला असावा. मधला नर काही कारणाने मेला अथवा फुलावर यावयास मागे राहिला, तर आठही मादी त्या मोसमापुरत्या निकामी ठरतात. एका कंदाच्या खर्चात ही जोखीम टळते.

खड्डा सुमारे एक हात लांब, रुंद व तितकाच खोल घ्यावा. उन्हाळ्यात तो काही दिवस तापू द्यावा. नंतर पाटीभर चांगले कुजलेले शेणखत वरच्या मातीत मिसळून भरावा. जमीन कोणतीही चालेल, परंतु पाणी साचणारी नको. करटोली पावसाची असली तरी तिचा कंद चिखलात टिकत नाही, कुजतो. म्हणून काळ्या भारी जमिनीत खड्ड्याच्या जागी वीतभर उंचवटा करून त्यावर कंद लावावा. कंदाची मान वर ठेवून तो चार बोटे मातीखाली जाईल असा पुरावा. पाण्याची सोय असल्यास माघ-फाल्गुनात लागवड करून मोसमाच्या पूर्वी फळे घेता येतात. ज्यांच्याकडे उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचीच वाण असते त्यांनी वळवाच्या पावसाची वाट पाहावी. त्यात काही नुकसान नाही.

वेलाचे खोड दोऱ्यासारखे बारीक असते. कोंब वर येताच त्याच्याशेजारी कामटी रोवून त्यास मांडवाकडे वळवावे. जमिनीवर पसरलेल्या वेलाची फुले चिखलाने माखतात व फळे पानांखाली दडून पिकून जातात. मांडव माणसाच्या खांद्याइतका उंच असावा. त्याहून उंच केल्यास घरातील स्त्रियांना फळे काढता येत नाहीत, आणि सायंकाळचे जे काम पुढे सांगितले आहे तेही जमत नाही.

सायंकाळचे काम

करटोलीचे फूल दिवस मावळण्याच्या सुमारास उमलते व दुसऱ्या दिवशी ऊन चढले की मलूल होते. दिवसा फिरणाऱ्या मधमाश्यांचा तिला फारसा उपयोग होत नाही. तिचे पराग वाहून नेण्याचे काम मुख्यत्वे रात्री उडणारे पतंग करतात. रानात त्यांची वाण नसते. गावातील परसात, घरांच्या व दिव्यांच्या गर्दीत, ते पुरेसे येतीलच असे नाही. शिवाय जोराच्या पावसात तेही फिरकत नाहीत. म्हणून नर वेल लावलेला असतानाही फळधारणा कमी दिसली, तर हाताने पराग देणे हाच उपाय होय.

रीत अगदी साधी आहे. सायंकाळी नुकतेच उमललेले नर फूल देठासह तोडावे. त्याच्या पाकळ्या मागे दुमडून मधला परागाचा भाग मोकळा करावा आणि तो मादी फुलाच्या मध्यभागी हळूच टेकवून फिरवावा. बोटाला पिवळी भुकटी लागली म्हणजे पराग ताजे आहेत असे समजावे. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलांचे काम होते. पाऊस चालू असल्यास भिजलेले फूल घेऊ नये. पाऊस उघडल्यावर, कंदील घेऊन का होईना, काम उरकावे. नऊ खड्ड्यांच्या मांडवास यासाठी पाव तासाहून अधिक वेळ लागत नाही, आणि घरातील मुले हे काम मोठ्या हौसेने करतात.

वर ज्यांची हकीगत सांगितली त्या शेतकऱ्याचा मोसमही अखेरीस याच उपायाने काही अंशी वाचला. ओढ्यापलीकडील कुंपणावर एक ‘वांझ’ वेल सापडला. त्यांची नात रोज दुपारनंतर तेथून उमलू घातलेल्या नर कळ्या तोडून आणी व तांब्यातील पाण्यात देठ बुडवून ठेवी. सायंकाळी कळ्या उमलल्या की सारे घर मांडवाखाली जमे. आठवड्याने पाहिले तेव्हा परागित फुलांखालची फळे हिरवीगार राहून फुगू लागली होती, तर राहून गेलेल्या फुलांची पूर्ववत पिवळी पडून गळत होती. एकाच वेलावरील हा फरक पाहिल्यावर त्या गावात मला नर वेलाविषयी पुन्हा भाषण करावे लागले नाही.

कीड व तोडणी

फुलांखालचे बोंड पिवळे पडून गळते ते परागाअभावी की किडीमुळे, हे आधी तपासावे. गळालेले बोंड नखाने फोडून पाहावे. आत अळी असली तर ते फळमाशीचे काम. आत स्वच्छ असल्यास पराग मिळाला नाही हे बहुधा खरे. फळमाशीचे उपद्रव झालेले प्रत्येक फळ गोळा करून दीड-दोन फूट खोल पुरावे, मांडवाखाली कुजू देऊ नये. कारण अळी जमिनीतच कोषावस्थेत जाते. क्यू-ल्यूरचे गंधसापळे मांडवाच्या उंचीवर टांगल्यास नरमाश्या त्यांत सापडतात. कोवळ्या पानांवर लाल भुंगेरे आल्यास ते सकाळी गारव्याला सुस्त असताना वेचावेत. फुले उमललेली असताना मांडवावर विषारी औषध फवारू नये. पतंगांस ते मारक आहे, आणि फळे तर एक-दोन दिवसांआड घरच्या ताटात यावयाची असतात.

पराग मिळाल्यापासून साधारणतः दहा ते पंधरा दिवसांत फळ काढणीस येते. ते हिरवे असताना, आतील बी कोवळे असतानाच तोडावे. एकदा रंग पिवळसर झाला की बी टणक होते व भाजीची गोडी जाते. दर दोन-तीन दिवसांनी तोडणी केल्यास वेल नवी फुले देत राहतो. चांगल्या मादी वेलावरील दोन-चार फळे बियांसाठी पिकू देण्याची अनेकांस हौस असते, पण त्यापायी वेलाची शक्ती खर्ची पडते. कंदावर लागवड करणाऱ्यास त्याची जरुरी नाही.

आश्विन-कार्तिकात पाने पिवळी पडू लागतात व वेल वाळतो. या वेळी वेल मेला असे समजून जागा खणण्याची व तेथे दुसरे पीक घेण्याची चूक पुष्कळ ठिकाणी होते. वाळलेला वेल बुडापासून वीतभर वर कापावा, खुंट्या पक्क्या आहेत की नाही हे पाहावे, आणि पाणी देणे बंद करावे. खड्ड्यावर पालापाचोळा पसरून ठेवावा. वाटून देण्यासाठी कंद काढावयाचे असल्यास ते याच सुमारास काढावेत. नराचे व मादीचे कंद दोन निरनिराळ्या मडक्यांत, किंचित ओलसर वाळूत थर देऊन, सावलीत ठेवावेत, आणि नराच्या मडक्यावर चुन्याने ठळक खूण करावी.